लोणच्याच्या बरण्यांखालच्या फळ्या

आमच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्या ज्या दोन फळ्यांवर मांडलेल्या असत, त्या मुळात बर्फावर चालण्यासाठी केलेल्या आहेत, हे मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं. माणसाच्या उंचीहून लांब, चार बोटं रुंद आणि एका टोकाला वर वळलेल्या अशा त्या फळ्या होत्या. आईचा धाकटा भाऊ माधवमामा फौजेतून कायमचा आमच्याकडे राहायला आला, तेव्हा एक ट्रंक, एक घोंगडी आणि या दोन फळ्या घेऊन आला. "फेकून देनार होते, मी मागून घेतल्या," एवढंच त्याने सांगितलं. आईने त्या दोन पत्र्याच्या डब्यांवर शेजारीशेजारी आडव्या टाकल्या आणि वर आंब्याच्या, लिंबाच्या, मिरचीच्या बरण्या ठेवल्या. वळलेली टोकं दाराकडे यायची आणि येता-जाता प्रत्येकाच्या पोटरीला लागायची. पाहुणे विचारायचे, तेव्हा आई म्हणायची, "माधवाचं पेन्शन हाये ते."

आम्ही अनसिंगच्या स्टेशनाजवळ रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपलीकडे लगेच रूळ. मालगाडी गेली की सगळ्या बरण्या एकमेकींवर किणकिणायच्या, आणि आईचं ठाम मत होतं की आमचं लोणचं दिवसातून चारदा आपोआप हलतं म्हणूनच ते कधी नासत नाही. पुढे मी स्वतःच्या घरी लोणची घातली, दोनदा बुरशी आली. तेव्हा मला गाडीची फार आठवण झाली.

बाबा रेल्वेत कीमन होते. ज्याने हे काम पाहिलं नाही त्याला ते साधं वाटेल. सकाळी लवकर निघायचं, आपल्या वाट्याचा सहा किलोमीटरचा रूळ पायी चालायचा, आणि रुळाला स्लीपरशी घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या एकेक करून बघायच्या. सैल दिसली की हातोड्याने ठोकून बसवायची. जाताना एका बाजूच्या, येताना दुसऱ्या बाजूच्या. घट्ट चावीचा आवाज स्वच्छ येई, सैल चावीचा बसका, आणि थंडीतल्या सकाळी ते आवाज आम्हाला चुलीपाशी बसून ऐकू येत. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आज लय ढिल्या हायेत बाई." बाबांची ही सवय घरातही सुटत नसे. दाराची कडी, बाजेचा पाय, माझ्या झग्याचं बटण, सगळं ते एकदा बोटाने हलवून बघत. बोलणं मात्र कमी. मला त्यांचा धाक होता, आणि त्या धाकाखाली काय आहे हे समजायला मला एक हिवाळा लागला.

तो हिवाळा असा आला. वाशीमच्या आमच्या कॉलेजात खेळाच्या मॅडम होत्या. त्यांनी मला लांब पळताना पाहिलं होतं. हिमाचलात एक महिन्याचं शिबिर होतं, बर्फावर स्कीइंग शिकायचं, आणि तेही उतारावरून घसरत खाली येण्याचं नव्हे, तर सपाटीवर, चढावर, मैलच्या मैल चालत जाण्याचं. कॉलेजातून एकाच मुलीचं नाव जाणार होतं आणि मॅडमनी माझं घातलं. हातात एक फॉर्म दिला. खाली पालकाची सही. मी तो फॉर्म पुस्तकात न ठेवता छातीशी धरून घरी आणला. मी तोवर हिंगोलीच्या पलीकडे गेले नव्हते.

बाबा जेवत होते. फॉर्म त्यांनी दोनदा वाचला.

"बर्फात?"

"हो बाबा. एक महिना."

ते हात धुऊन उठले, मामाच्या बाजेपाशी गेले, निजलेल्या मामाचा डावा पाय उचलून माझ्यासमोर धरला. "मोज," म्हणाले.

"बाबा, मला माहीत आहे..."

"मोज मनतो ना. किती बोटं हायेत?"

"तीन."

"मंग? माह्याजवळ एकच पोट्टी हाये. दहा बोटं घेऊन जाईन अन् आठ घेऊन येईन, अशा कागदावर मी सही नाई करत."

मामा खडबडून जागा झाला. "भाऊजी, माहा पाय तं परत द्या! अन् ते माही चूक होती. बर्फात ओले मोजे तीन दिवस काढले नाईत मी. सुमी तशी गधी नाई."

बाबांनी पाय हळूच बाजेवर ठेवला आणि फॉर्म देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या त्यांच्या कागदांच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. मी रडले, हे सांगायला आता लाज वाटत नाही. त्या वयात मला वाटत होतं की जग त्या पेटीत कुलूपबंद झालं आहे.

आईने भांडण केलं नाही. तिने फक्त जवसाची चटणी बंद केली. बाबांचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, काहीतरी पातळ आणि वर तेल घातलेली जवसाची चटणी. बाकी काही नसलं तरी चालत असे, चटणी नसली की चालत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी ताटाकडे पाहिलं, दुसऱ्या दिवशी आईकडे, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे. चौथ्या दिवशी म्हणाले, "त्या फळ्या इथं हायेतच. रविवारी माह्या डोळ्यासमोर चालून दाखव. तीनदा पडली तं कागद चुलीत." त्या जेवणाला चटणी आली.

आता अनसिंगात बर्फ कुठून आणायचा? ते मामाने सोडवलं. सोयाबीन तेव्हा आमच्याकडे नवीन नवीन आलं होतं. त्याच्या कुटाराचं, मळणीनंतर उरलेल्या भुश्शाचं, करायचं काय, हे कोणालाच नीट कळत नव्हतं. गुरं तोंड लावत नसत. रुळापलीकडे नामदेवकाकांचं वावर होतं. ते बाजारासाठी भाजी करायचे, पण त्या वर्षी वरच्या पट्टीत त्यांनी सोयाबीन घेतलं होतं आणि खळ्यावर कुटाराचा ढीग घराएवढा पडला होता. ज्याने त्या कुटारावर पाय ठेवला आहे त्याला माहीत असेल, ते पायाखालून पळतं. मामा म्हणाला, "बर्फ बी असाच पयते." नामदेवकाकांनी सगळा ढीग देऊन टाकला. अट एकच घातली, "माह्या मेथीत नोको येजा, बाप्पा." खळ्यापासून नाल्यापर्यंत जमीन हळूहळू उतरत जाते. तिथे मी, आई आणि मामाने तीन दिवस टोपल्या वाहून कुटाराचा एक लांबलचक पट्टा अंथरला. अंगभर खाज सुटली. माझ्या आयुष्यात मी इतकी मेहनत कोणत्याही परीक्षेसाठी केली नाही.

रविवारी सकाळी बरण्या जमिनीवर उतरल्या. मामाने बांबूच्या दोन काठ्या केल्या होत्या, टोकांना तुपाच्या डब्यांची झाकणं बसवली होती. फळ्यांना सायकलच्या ट्यूबचे पट्टे लावले होते. त्यात अडकवायला कडक तळाचे जोडे हवेत, म्हणून मी बाबांचे ड्युटीचे बूट न विचारता घेतले आणि आत चिंध्या कोंबल्या. बाबांनी ते पाहिलं. सुट्टीच्या दिवशीही हातोडा त्यांच्या हातात होताच. खाली बसून बुटांच्या नाड्या फक्त एकदा ओढून बघितल्या.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नामदेवकाका त्यांच्या बायकोसह बसले होते, मेथीवर पहारा द्यायला. आईने फडक्यात भाकरी, चून म्हणजे पिठलं, आणि मिरचीचा ठेचा बांधून आणला होता. यात्रेला निघाल्यासारखी आमची तयारी होती. मी खळ्यावर उभी राहिले, काठ्या रोवल्या आणि निघाले.

पहिलं पाऊल गेलं. दुसरं जड गेलं. तिसऱ्याला वाटलं की कोणीतरी मागून फळी धरली आहे. पाचव्या पावलाला माझी उंची वाढली होती. खाली पाहते तर दोन्ही फळ्यांच्या तळाला वीतभर जाडीच्या गाद्या चिकटलेल्या. सहावं पाऊल मी उचललं आणि फळी काही उचलली नाही. मी सरळ तोंडावर.

"एक," बाबा म्हणाले.

मामाने फळी उलटी केली, बोट लावलं, वास घेतला आणि बहिणीकडे वळला. "ताई, हे काय लावलं तू?"

"जवसाचं तेल," आई अगदी साळसूदपणे म्हणाली. "पहाटे उठून दोन हात दिले. गाडीच्या चाकाले वंगन लागते, तव्याले तेल लागते, मंग याले काहून नाई?"

जवसाचं तेल लाकडावर सुकायला लागलं की डिंकासारखं चिकट होतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं! पण लेकीच्या मायेत ती विसरली. मला राग आला होता, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो धरवतही नव्हता. नामदेवकाकांच्या बायकोने पदर तोंडात कोंबला होता.

मामा फळ्या विळ्याने खरवडत बसला. आई तरातरा घरी गेली आणि बुद्धवंदनेच्या वेळी लावायच्या मेणबत्त्यांचा अख्खा पुडा घेऊन आली. "हे घास," म्हणाली. "हे तरी नाई चिकटनार." फळ्या उन्हात तापवून मामाने त्यांवर मेण घासलं, वरून गोणपाटाने चोळलं, तळ आरशासारखा केला. मी पुन्हा उभी राहिले.

या वेळी फळ्या निघाल्या आणि मी तिथेच राहिले. म्हणजे पाय पुढे गेले, बाकीची मी मागे बसले, आणि त्या बसलेल्या अवस्थेत पट्टा सोडून सरळ मेथीत गेले. नामदेवकाका दोन्ही हात पसरून आडवे आले होते, तेही माझ्यासोबत मेथीत. त्यांची टोपी माझ्या काठीच्या झाकणात अडकली.

"दोन," बाबा म्हणाले. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही, कारण दोनच्या पुढे काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. एक पडणं उरलं होतं, आणि निम्म्याहून जास्त पट्टा समोर होता.

मी उठून पुन्हा पट्ट्यावर आले. फळ्या एकमेकींपासून लांब पळत होत्या, त्यांना जवळ आणू तर टोकं एकमेकींवर चढत होती. मामा काठावरून फौजी आवाजात सूचना देत होता आणि मला एकही कळत नव्हती. तेवढ्यात बाबा जागेवरून उठले. पट्ट्यावर माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि हातोड्याचा दांडा माझ्या दोन फळ्यांच्या मधे आडवा धरला.

"गेज सुटून राह्यलं तुहं," ते म्हणाले. दोन रुळांमधल्या अंतराला ते गेज म्हणत. "मनून पडून राह्यली तू. रुळाकडं पायलं ना तू जन्मभर? ते कधी एकमेकाकडं जातात का? कधी एकमेकापासून दूर जातात का?"

"नाही."

"मंग चाल. मी सांगतो. डावा. आता उजवा. पायाकडं नोको पाहू, म्होरं पाह."

ते उलटे चालू लागले, मधून मधून दांडा धरत, आणि मी त्यांच्या मागे. म्हणजे त्यांच्या तोंडासमोर. डावा. उजवा. नाल्यापर्यंतच्या त्या उतारावर कुठेतरी, कुठे ते मला आजही दाखवता येईल, एक गोष्ट घडली. मी डावा पाय ढकलला, आणि पाऊल टाकून झालं तरी पाऊल चालूच राहिलं. मी काही करत नव्हते आणि पुढे जात होते. मग उजवा. तसंच. कुटाराचा बारीक सळसळ आवाज, कानाला वारा, आणि शरीराला वजन नाही. मी जन्मभर चाललेली मुलगी, चालणाऱ्या बापाची मुलगी, आणि चालण्याच्या आत असं काही दडलेलं असेल याची मला कल्पना नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा बाजूला झाले कधी, ते मला कळलंच नाही.

त्यामुळे पट्टा संपला हेही कळलं नाही. नाल्याच्या काठाशी आमचं कुटार कमी पडलं होतं. तिथून पुढे काळी माती, ओली. फळ्या मातीत रुतून जागच्या जागी थांबल्या. मी थांबले नाही. नाल्यात गुडघाभर पाणी होतं. बूट, चिंध्या, वेणी, सगळ्यासकट मी त्यात पडले.

डोकं वर काढलं. मी बाबांच्या तोंडून 'तीन' ऐकायची वाट बघत पाण्यात बसून राहिले. आईने कपाळाला हात लावला होता. पण बाबा काठावर नव्हते. ते पाठ फिरवून पट्ट्यावरून वर निघाले होते.

मला वाटलं, कागद आणायला चालले. मग पाहिलं तर ते वाकलेले होते. कुटारात माझ्या फळ्यांच्या दोन रेघा उमटल्या होत्या, आणि बाबा त्या रेघांच्या मधून चालत होते, चार पावलांवर थांबत, हातोड्याचा दांडा दोन रेघांमधे आडवा ठेवून बघत, पुढे जात. मेथीपाशी जिथून मी पुन्हा निघाले होते, तिथपर्यंत गेले. मग त्याच रेघा दुसऱ्या बाजूने बघत परत आले. आम्ही पाचही जण बघत होतो. मी ओलीचिंब, दात वाजत होते, पण हलले नाही. बाबांना कामावर असताना मी तोवर जवळून कधी पाहिलंच नव्हतं. रोज सहा किलोमीटर हा माणूस असा चालतो, असं बघत, आणि त्याच्या अशा बघण्यावर गाडीतली सगळी माणसं बिनघोर झोपून जातात. मी त्या क्षणी त्यांच्याकडे पाहून स्तब्ध झाले होते. पुढे मी डोंगर पाहिले, समुद्र पाहिला. तसं स्तब्ध होणं फार वेळा झालं नाही.

बाबा काठावर आले. "सुरवातीले वाकडी आली तेवढं सोडून, मेथीपासून इथवर एका जागी बी गेज सुटलं नाई," ते मामाला म्हणाले, मला नाही.

"पन भाऊजी, पडली तं..." मामा बोलून बसला आणि आईने त्याला कोपर मारलं.

"कुठं पडली? रूळच सरला तिथं. रूळ सरल्यावर कोनतीबी गाडी पडते. त्यात गाडीचा काय दोष? ज्यानं टाकला त्याचा दोष." मग माझ्याकडे हात पुढे केला. "नीघ बाहीर. अन् आधी ते मोजे काढ."

भाकरी आम्ही नामदेवकाकांच्या खळ्यावरच खाल्ल्या. मोडलेली मेथी त्यांनी जुडी बांधून आईला दिली, आणि टोपी झटकत म्हणाले, "पुढच्या खेपेस वांग्यात पड, मेथीपेक्षा भाव कमी हाये." बाबांनी सही संध्याकाळी केली, ड्युटीच्या पेनने, सावकाश. सही करून म्हणाले, "तिथं रोज दिवस मावळ्याच्या आधी बूट काढजो. मोजे कोरडे घालजो. अन् मोजजो."

मी मोजत होते. शिबिरातल्या बाकीच्या मुली हसायच्या, पण मी रोज बाकावर बसून पायांची बोटं मोजायची. बर्फाबद्दल मला फार लिहिता येत नाही. पहिल्या सकाळी दार उघडलं आणि समोर काहीच नव्हतं, फक्त पांढरं, आणि इतकी शांतता की मालगाडी नसलेल्या जगात माणसं झोपतात कशी, असं मला वाटलं. त्यातून दिवसभर चालायचं. एकदा देवदारांच्या मधल्या मोठ्या माळावर मी थांबून मागे वळून पाहिलं. माझ्यामागे दोन रेघा, सरळ, जिथून आले तिथपर्यंत, एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर. त्या अफाट पांढऱ्यात माणसाची खूण म्हणजे तेवढीच. मी मोठ्याने "बाबा" म्हटलं. शिकवणारे सर म्हणाले, काय झालं? काही नाही म्हटलं.

आता ती छोटी लाइन गेली, रुंद रूळ आले, आमच्या क्वार्टरच्या जागी गवत आहे. चाव्यासुद्धा आता वेगळ्या असतात म्हणे. बाबा नाहीत, आई नाही. मामा आहे, आणि अजून सगळ्यांना सांगतो की सुमीला स्कीइंग त्याने शिकवलं. मी तीस वर्षं शाळेत मुलींना खेळ शिकवले. मैदानावर कोणी मुलगी पडली की माझं लक्ष आधी मैदानाकडे जायचं. फळ्या माझ्याकडे आहेत. त्यांच्यावर बरण्या आहेत.

शिबिरातून परत आले त्या दिवशी बाबा स्टेशनावर उभे होते, ड्युटीच्या कपड्यांत, हातोडा खांद्यावर. कशी आहेस विचारलं नाही, ट्रंक उचलली आणि पुढे चालू लागले. घरी आल्यावर आईने पाणी गरम करून आणलं. बाबा जमिनीवर बसले, माझे बूट काढले, मोजे काढले, आणि माझा डावा पाय मांडीवर घेतला. करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट अंगठ्याने दाबायचं, हलवून बघायचं, मग पुढचं. डावा झाला, उजवा घेतला. मामा बाजेवरून म्हणाला, "भाऊजी, अता माहे बी मोजा." बाबांनी ऐकलं नाही.

"दहा," ते आईला म्हणाले.

मी पाय मागे घ्यायला गेले. त्यांनी सोडला नाही. उजव्या पायाच्या शेवटच्या बोटापासून त्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली, परतीच्या बाजूने.